तेल मरत नाही, मळते

आपल्याकडच्या कितीतरी घरांत सासू 'वंगण' म्हणते आणि सून 'कीलेण्णे' म्हणते. दोघींचे बोट मात्र एकाच डब्याकडे असते. कन्नडमध्ये कीलु म्हणजे सांधा, खीळ आणि एण्णे म्हणजे तेल. सांध्यात घालायचे तेल ते कीलेण्णे. मराठीत वंगण, आणि विदर्भाच्या बाजूला गेलात की त्याचेच ओंगण होते. तिकडचा शेतकरी बैलगाडीला बंडी म्हणतो, आपला कन्नड शेजारीही बंडीच म्हणतो. शब्दांना राज्यांच्या सीमा फारशा ठाऊक नसतात.

त्या बंडीच्या आसाला पूर्वी एरंडेल, म्हणजे हरळेण्णे, घालत. तेलाचा नळा गाडीलाच बांधलेला असे. आसातून ओघळलेले तेल वाटेवर पडे आणि माती ते पचवून टाकी. वापरलेल्या वंगणाचे पुढे काय होते, हा प्रश्न कुणाला पडायचे कारण नव्हते. पुढे लाकडी चाके गेली, इंजिने आली, एरंडेलाच्या जागी जमिनीतून काढलेले खनिज तेल आले. हे तेल एरंडेलासारखे मातीत पटकन पचत नाही. आज गावोगावी मोटारसायकली, ट्रॅक्टर, जनरेटर आहेत. प्रत्येकाचे ऑइल ठरलेल्या मुदतीने बदलले जाते. नवे ऑइल कुठून येते आणि केवढ्याला मिळते, हे आपल्याला तोंडपाठ असते. जुने कुठे जाते, हे मात्र आपण विचारत नाही. आजच्या लेखात त्या जुन्या ऑइलचा माग काढायचा आहे. त्यासाठी आपल्या सीमेवरून थेट दुसऱ्या सीमेवर जाऊ या.

मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या भंडारा जिल्ह्याला लागून तिरोडी नावाचे गाव आहे. भंडाऱ्यातल्या तुमसर रोड स्टेशनवरून निघालेला रेल्वेचा फाटा तिरोडीला जातो. इंग्रजी अमदानीत बालाघाट हा नागपूर विभागातला जिल्हा होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिरोडीच्या बाजारात हिंदी आणि मराठी जशा एकमेकींत मिसळतात, तशाच आपल्याकडे मराठी आणि कन्नड. म्हणूनच ते गाव मला परके वाटत नाही.

तिरोडीची ओळख म्हणजे मँगनीज. तिथली खाण शंभर वर्षांहून जुनी आहे. आज ती 'मॉइल' या सरकारी कंपनीकडे आहे. मँगनीज ओअर इंडिया या नावाने ही कंपनी १९६२ साली सुरू झाली. तिचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे आणि मँगनीजच्या उत्पादनात ती देशात पहिली आहे. पोलाद तयार करताना मँगनीज लागतेच, त्यामुळे आपल्या घरातल्या लोखंडी वस्तूंतही तिरोडीचा थोडाफार अंश असू शकेल. तिरोडीचे नाव तर खनिजशास्त्राच्या पुस्तकातही गेले. तिथे सापडलेल्या एका खनिजाला १९३८ साली 'तिरोडाइट' असे नाव देण्यात आले होते. मँगनीजशी आपल्या भाषिक पट्ट्याचेही जुने नाते आहे. बळ्ळारी जिल्ह्यातल्या संडूरला मराठी घोरपडे घराण्याचे कन्नड मुलखातले संस्थान होते, आणि १९५४ साली निघालेली तिथली मँगनीज कंपनी आजही चालू आहे.

तिरोडीची खाण खुली खाण आहे. अशा खाणीत डोंगर वरून पायऱ्या-पायऱ्यांनी कापत जातात. मोठी यंत्रे दगड उचलतात, डंपर तो वाहून नेतात, आणि धूळ सतत उडत असते. ही धूळ साधी नाही. त्या भागात मँगनीज ज्या खडकात सापडते त्याला भूगर्भशास्त्रज्ञ फर्मर यांनी 'गोंडाइट' असे नाव दिले. मध्य भारतातल्या गोंड समाजावरून ते पडले. हा खडक मुख्यतः दोन खनिजांचा असतो, गारगोटी आणि गार्नेट. दोन्ही इतकी कठीण की लोखंडावर ओरखडा काढतात. गार्नेटचा तर घासकागदही बनतो. आता कल्पना करा, या धुळीचे कण एअर फिल्टरच्या फटीतून इंजिनात शिरले, तर ऑइलचे काय होईल? वंगणाचेच घासकागद होईल.

म्हणून खाणीत ऑइलवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. अशा यंत्रांचे ऑइल किलोमीटरवर बदलत नाहीत, तासांवर बदलतात. पुस्तिकांत साधारण अडीचशे तासांचा आकडा आढळतो. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासला की यंत्राची तब्येत कळते, जशी रक्ताच्या तपासणीवरून माणसाची कळते. सिलिकॉन वाढले म्हणजे धूळ शिरते आहे. लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम वाढले म्हणजे आतला कुठला तरी भाग झिजतो आहे. पाणी आढळले म्हणजे थंड करण्याच्या यंत्रणेत गळती असू शकते.

प्रयोगशाळा जवळ नसेल तर एक साधी जुनी परीक्षा आहे. पांढऱ्या टिपकागदावर वापरातल्या ऑइलचा एक थेंब टाकायचा आणि कागद काही तास सपाट ठेवायचा. काजळी सगळीकडे सारखी पसरून करडे वर्तुळ झाले, तर ऑइलमध्ये अजून जीव आहे. मधोमध काळा ठिपका घट्ट बसला आणि भोवती नुसते पिवळट तेल पसरले, तर काजळी पोटात धरून ठेवण्याची त्याची ताकद संपली असे समजावे.

इथे विषयाच्या गाभ्याशी येतो. ऑइल काळे झाले म्हणजे ते संपले, असा आपला समज असतो. खरे म्हणजे ऑइलचे दोन भाग असतात. मोठा भाग मूळ तेलाचा, ज्याला बेस ऑइल म्हणतात. उरलेला भाग त्यात मिसळलेल्या रसायनांचा. कुणी गंज रोखते, कुणी काजळी धरून ठेवते, कुणी झीज कमी करते. वापरात ही रसायने खर्च होतात. तेलात काजळी, धूळ, धातूचा कीस, पाणी आणि थोडे न जळलेले डिझेल येऊन मिसळते. मूळ तेलाचा थोडा भाग उष्णतेने बिघडतो, पण बराचसा भाग शाबूत असतो. तेल मरत नाही, मळते. मळलेले धोतर आपण फेकून देत नाही, धुतो. तेलही धुता येते.

धुण्याचे प्रकार मात्र दोन आहेत, आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला गाळण्याचा. यंत्राच्या हायड्रॉलिक ऑइलमध्ये कचरा आणि ओल आली, पण तेल आणि त्यातली रसायने ठीक असली, तर बारीक गाळणीच्या यंत्रातून ते फिरवतात आणि पुन्हा त्याच यंत्रात वापरतात. आपल्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारागिरांना हे नवीन नाही. केसापेक्षा कितीतरी बारीक कणसुद्धा व्हॉल्व्ह अडकवतो, हे ते जाणतात. वीज मंडळाचे लोक ट्रान्सफॉर्मरचे तेल गरम करून, निर्वातात त्यातली ओल काढून पुन्हा भरतात, तेही याच जातीचे काम. गावच्या डीपीपाशी तेल गाळण्याचे यंत्र कधीतरी आपण पाहिलेले असते.

दुसरा प्रकार खऱ्या शुद्धीकरणाचा. ज्या ऑइलची रसायने संपली ते नुसते गाळून भागत नाही. इथे गुऱ्हाळाची आठवण येते. उसाचा रस फडक्यातून गाळला म्हणजे गूळ होत नाही. काहिलीत रस तापवतात, भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालतात, मळी वर येते ती झाऱ्याने काढतात, मग पाणी आटते. बेल्लाचा रंग मळी किती नीट काढली यावर ठरतो, हे कोल्हापूर-निपाणीच्या माणसाला सांगायची गरज नाही. ऑइलच्या कारखान्यात जवळपास हाच क्रम असतो. आधी ते स्थिर ठेवून जड गाळ खाली बसवतात. मग तापवून पाणी उडवतात, नंतर मिसळलेले पेट्रोल-डिझेल काढतात. पुढची पायरी निर्वातात ऊर्ध्वपातन करण्याची. उघड्यावर तापवले तर तेल करपते. हवा काढून घेतली की ते कमी उष्णतेवर वाफ होते आणि करपत नाही. काही कारखान्यांत तेलाचा पातळ थर गरम भिंतीवरून फिरवून ही वाफ करतात. तळाशी डांबरासारखा काळा ऐवज उरतो, त्यात धातू आणि जळकी रसायने असतात. वर आलेल्या तेलाचा उरलेला रंग आणि वास विशिष्ट मातीने शोषून घेतात किंवा हायड्रोजन वापरून घालवतात. हाती येते ते पुन्हा बेस ऑइल. त्यात नवी रसायने घातली आणि ते सगळ्या चाचण्यांना उतरले, की ते नव्याच्या तोडीचे वंगण असते.

पूर्वी हेच काम गंधकाच्या तीव्र आम्लाने करत. आम्लामुळे घाण गोळा व्हायची, पण मागे आम्लाने माखलेला काळा चिखल उरायचा. तो कुठे टाकायचा, याचे धड उत्तर कुणाकडे नव्हते. तेल स्वच्छ झाले आणि नाला घाण झाला, तर याला शुद्धीकरण कसे म्हणायचे? म्हणून आपल्या देशात नियमांनी ही पद्धत मोडीत काढली आणि निर्वात ऊर्ध्वपातनाच्या पद्धतींना मान्यता दिली.

या सगळ्याचा फायदा किती? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा एक हिशेब नेहमी दिला जातो. एक पिंप, म्हणजे १५९ लिटर, कच्च्या खनिज तेलापासून जेवढे वंगण निघते तेवढेच, सुमारे २.४ लिटर, अवघ्या ३.८ लिटर वापरलेल्या ऑइलपासून मिळते. कच्चे तेल आपण बहुतांशी परदेशातून आणतो, हे लक्षात घेतले की गॅरेजमागचा तो काळा डबा वेगळाच दिसू लागतो. त्याच खात्याचा दुसरा हिशेब घाबरवणारा आहे. एका वेळी बदललेले थोडेसे ऑइल दहा लाख गॅलन गोडे पाणी बिघडवू शकते. विहिरीच्या कडेला डबा उपडा करणाऱ्याने हा आकडा मनात ठेवावा.

आता पुन्हा खाणीकडे वळू. खाणीच्या वर्कशॉपला जुने ऑइल वाटेल तसे विकता किंवा सांडता येत नाही. वापरलेले ऑइल कायद्याने 'घातक कचरा' या यादीत आहे. या विषयाचे पहिले नियम १९८९ साली आले, आजचे २०१६ चे आहेत. त्यानुसार ते नव्वद दिवसांपेक्षा जास्त साठवायचे नाही. परवानाधारक शुद्धीकरण करणाऱ्यालाच द्यायचे. सोबत सात प्रतींची चिठ्ठी द्यायची, प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा, आणि तेल पोहोचल्याची प्रत परत यायला हवी. वर्कशॉपच्या सांडपाण्यातून तेल वेगळे काढूनच पाणी सोडायचे. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तिरोडीच्या मुलखातले पाणी शेवटी वैनगंगेच्या खोऱ्यात जाते आणि वैनगंगा महाराष्ट्रात येते. मध्य प्रदेशात सांडलेले तेल भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला भोवू शकते.

सीमेवरच्या माणसाला यातली आणखी एक तरतूद आवडेल. तिरोडी मध्य प्रदेशच्या प्रदूषण मंडळाखाली येते. त्याच कंपनीच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी जवळच आहेत, पण भंडारा जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या मंडळाखाली. एका राज्यातले ऑइल शुद्धीकरणासाठी दुसऱ्या राज्यात पाठवायचे असेल, तर ट्रक हलण्याआधी दोन्ही मंडळांना कळवावे लागते. निपाणीचे ऑइल कागलला जायचे असले तरी नियम तोच. आपल्या वाट्याला सीमेचे कागद नेहमीच जास्त येतात. निदान हे कागद तरी नदीच्या भल्यासाठी आहेत.

इतकी कागदपत्रे कशासाठी, असे कुणी विचारील. उत्तर अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या टाइम्स बीच या गावात आहे. तिथले रस्ते कच्चे होते, धूळ उडायची. १९७०च्या दशकात एका कंत्राटदाराने धूळ बसावी म्हणून रस्त्यांवर वापरलेले ऑइल शिंपडले. त्या ऑइलमध्ये एका रसायन कारखान्याचा कचरा मिसळलेला होता आणि त्यात डायॉक्सिन हे जहाल विष होते. त्याच कंत्राटदाराने घोड्यांच्या तबेल्यात तेल मारले होते, तिथे १९७१ साली पक्षी आणि घोडे मेले. खरे कारण उलगडायला वर्षे गेली. १९८३ साली सरकारने सगळे गाव विकत घेऊन रिकामे करायचे ठरवले. दोन हजारांहून अधिक लोकांना घर सोडावे लागले. काळ्या ऑइलमध्ये काय मिसळले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, हा त्या गावाचा धडा. म्हणून आपल्या नियमांतही शुद्धीकरणाला घ्यायच्या ऑइलमध्ये शिसे दहा लाखांत १०० भागांपेक्षा आणि पीसीबी हे जुन्या ट्रान्सफॉर्मर तेलातले विष दहा लाखांत दोन भागांपेक्षा कमी असावे लागते.

खाणीत हे सगळे जमते, कारण तिथे ऑइल एका जागी, मोठ्या प्रमाणात आणि हिशेबात निघते. आपल्याकडे ते थेंबाथेंबाने निघते आणि हजार वाटांनी जाते. सेंटरिंगच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून ते लावतात. वाळवी लागू नये म्हणून चौकटींना आणि कुंपणाच्या खांबांना फासतात. गोठ्यात म्हशीला गोचीड झाले की तेच चोळतात. आपल्याकडच्या कन्नड बोलीत सांगायचे तर उण्णीला एण्णी. पण ते एण्णी म्हणजे हरळेण्णे नव्हे. त्यात धातूंचा कीस आणि काजळीतले घातक पदार्थ असतात. म्हैस अंग चाटते, ते तिच्या पोटात जाते. गोचिडाचे औषध पशुवैद्याकडे मिळते, तेच वापरावे. दिवसभर काळ्या ऑइलात हात बुडवणाऱ्या गॅरेजमधल्या पोरांच्या कातडीलाही ते चांगले नाही. हातमोजे आणि साबण यांचा खर्च फार नसतो.

आणखी दोन वाटा जास्त वाईट आहेत. एक भट्टीची. स्वस्त इंधन म्हणून काळे ऑइल जाळले की त्यातले धातू धुरावाटे हवेत जातात. दुसरी फसवणुकीची. जुने ऑइल नुसते गाळून, रंग उजळून, नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात भरून विकणारे महाभाग देशात अधूनमधून पकडले जातात. गाळणे आणि शुद्ध करणे यातला फरक वर सांगितला, तो इथे खिशाला झोंबतो. अशा ऑइलमध्ये संरक्षण करणारी रसायने नसतात, आणि इंजिनाचे काम निघते तेव्हा वाचवलेल्या शंभर-दोनशे रुपयांचे हजारो द्यावे लागतात.

गॅरेजवाल्याला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या दारात परवानाधारक गोळा करणारा येत नाही, भट्टीवाला रोख पैसे घेऊन येतो. व्यवस्था त्याच्या दारापर्यंत आली पाहिजे. त्या दृष्टीने केंद्र सरकारने २०२३ साली केलेला आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला बदल महत्त्वाचा आहे. जो ऑइल बनवून किंवा आयात करून विकतो, त्याच्यावरच जुन्या ऑइलच्या शुद्धीकरणाची जबाबदारी टाकली आहे. सुरुवात पाच टक्क्यांपासून आहे आणि पायरीपायरीने ती पन्नास टक्क्यांवर न्यायची आहे. जर्मनीत तर इंजिन ऑइल विकणाऱ्या दुकानदाराला तेवढेच जुने ऑइल विनामूल्य परत घ्यावे लागते. आपल्या शहरात समजा एक लाख दुचाकी आहेत आणि प्रत्येकीचे वर्षाला एक लिटर ऑइल बदलले जाते. ते लाखभर लिटर गोळा झाले तर वरच्या हिशेबाने साठ हजार लिटर चांगले वंगण हाती येईल. गोळा झाले नाही तर ते आपल्याच गटारात आणि विहिरीत आहे.

कायदा वरून येतो, पण डबा आपल्या हातात असतो. वाचकहो, पुढच्या वेळी गाडीचे ऑइल बदलाल तेव्हा मेस्त्रींना एवढेच विचारा की जुने कुठे जाते. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, पण विचारा. चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्या वेळी पिंपावर झाकण येते. नव्या ऑइलचा रिकामा डबा स्वतः भोक पाडून टाका, म्हणजे त्यात पुन्हा कुणी भेसळ भरणार नाही. घरी ऑइल बदलत असाल तर ते स्वच्छ डब्यात वेगळे ठेवा. त्यात रॉकेल, थिनर, ब्रेकचे तेल किंवा स्वयंपाकाचे जळके तेल मिसळू नका. मिसळलेले तेल शुद्ध करणे अवघड होते. आणि गल्लीतल्या पाच-सहा गॅरेजवाल्यांनी मिळून एक पिंप ठेवले, तर परवानाधारक गोळा करणाऱ्यालाही यायला परवडेल. अशा परवानाधारकांची माहिती प्रदूषण मंडळाकडे मागता येते, आपली बाजू बेळगावची असो वा कोल्हापूरची.

बंडीच्या नळ्यातले तेल आपले आजोबा काटकसरीने वापरत, कारण एरंडी पेरण्यापासून तेल काढण्यापर्यंतचे कष्ट त्यांनी पाहिलेले असत. आजचे तेल कुठल्या वाळवंटाखालून, किती समुद्र ओलांडून येते, ते आपण पाहत नाही, म्हणून ते एकदा वापरून ओतून देणे सोपे जाते. तिरोडीच्या खाणीला जुन्या ऑइलचा जो हिशेब कायद्याने ठेवावा लागतो, तो आपल्या अंगणातल्या एका लिटरपुरता ठेवायला आपल्याला कायदा कशाला हवा?